निकालापूर्वी तपासणी

कुसगावात आषाढी धुक्याने खिडक्या पांढऱ्या झाल्या असताना, लिनक्सवर चालणारा लॅपटॉप सभेतील मोठ्या पडद्याला जोडावा आणि तो पडदा काळाच राहावा, की कोणीतरी ‘ही प्रणालीच कुचकामी’ असा निकाल देऊन मोकळा होतो. परंतु तपासणीवाचून दिलेला निकाल हा न्याय नव्हे.

प्रथम केबल बदलावी, पडद्याचा इनपुट ताडून पाहावा, आणि मग ‘एक्सरँडआर’ ही आज्ञा देऊन एचडीएमआयच्या नावापुढे ‘कनेक्टेड’ हा शब्द उमटतो का, ते न्याहाळावे; उमटला तर दोष बहुधा केवळ मांडणीचा, आणि केबल निर्दोष असूनही न उमटला, तर पुष्कळदा ते पोर्ट एनव्हिडियाच्या स्वतंत्र चिपला जोडलेले असून तिचा ड्रायव्हरच गैरहजर असतो. यूएसबी-सीचे प्रत्येक पोर्ट चित्र वाहून नेतेच, असेही नाही.

१९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आरंभिलेली आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘बॉस’ या भारतीय रूपात सिद्ध केलेली ही मुक्त प्रणाली सार्वजनिक कारभारास सर्वथा योग्य आहे. म्हणून प्रत्येक शाळेने व दफ्तराने हा तपासणीक्रम मराठीत छापून प्रोजेक्टरशेजारी लावावा, हीच विनंती.