डोंगरावरचं रिसॉर्ट की झाडांतलं जुनं मैदान?

गोल्फ आणि केज हे दोन शब्द एका वाक्यात आले की आमच्या गावाकडचे लोक हसतील. हसू द्या! चेंडू मारायचा आणि त्याच्यामागे चार तास चालत जायचं, हा प्रकार बीड जिल्ह्यात कुणाला पटवून सांगणं तसं अवघडच आहे. तरीही या वीकेंडचा विषय गोल्फच, कारण आयटीत हा आजार चांगलाच पसरलाय. कुणी क्लायंटसाठी शिकतं, कुणी मॅनेजर शिकला म्हणून शिकतं :) आमच्या चौघांच्या कंपूने गेलं दीड वर्ष ड्रायव्हिंग रेंजवर बऱ्यापैकी पैसे उडवले आणि आता प्रश्न असा पडलाय, की नियमित खेळायचं तर कुठे?

पुण्यात राहणाऱ्याला दोन्ही प्रकार हाताशी आहेत. येरवड्याला इंग्रजांच्या काळातलं, भर शहरातलं झाडांचं मैदान. बावधनच्या बाजूला डोंगरावर ऑक्सफर्डचं नवं गोल्फ रिसॉर्ट. मी या दोघांना मार्क द्यायला बसलेलो नाही. दोन प्रकारांपैकी कुठला निवडावा, एवढंच बोलायचंय. आमच्या कंपूत तिघं रिसॉर्टच्या बाजूने आहेत आणि मी एकटा जुन्या मैदानाच्या. म्हणजे लोकशाहीत मी हरलोय, म्हणून लेख लिहितोय.

आधी शब्द समजून घेऊ. स्कॉटलंडमध्ये समुद्रकाठच्या वाळूच्या, बिनझाडांच्या जमिनीवर हा खेळ वाढला, त्या मैदानांना लिंक्स म्हणतात. पुढे खेळ समुद्रापासून आत सरकला, काळ्या-लाल मातीवर, मोठ्या झाडांमध्ये आला. ते पार्कलँड. अमेरिकेतलं १९३३ साली सुरू झालेलं ऑगस्टा नॅशनल हे याचं जगप्रसिद्ध उदाहरण. तिथे आधी झाडांची नर्सरी होती, म्हणजे झाडं आधी आली आणि गोल्फ नंतर. आपल्याकडे मुंबईत चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. दिल्ली गोल्फ क्लबात तर खेळताना मध्येच जुने मकबरे लागतात.

आता फरक बघा. पहिला फरक पायांना कळतो. जुन्या मैदानावर एक होल संपला की पुढच्याची सुरुवात बहुतेक वेळा पन्नास-शंभर पावलांवर असते, कारण ज्यांनी ते आखलं त्यांच्याकडे बॅटरीवरची गाडी नव्हती. नव्या रिसॉर्टमध्ये दोन होलांच्या मध्ये बंगल्यांचे प्लॉट, हॉटेल आणि चढाचा रस्ता येतो. मग कार्ट घ्यावीच लागते. दिवसाचे दहा तास खुर्चीत बसणारा माणूस रविवारी व्यायामाला म्हणून जातो आणि तिथेही बसूनच फिरतो, हे मला काही झेपत नाही. शिवाय चौघं चालत असले की गप्पा चौघांच्या होतात. कार्टमध्ये दोघं-दोघं बसतात आणि तिसऱ्या होलपर्यंत दोघांच्याही हातात फोन आलेला असतो.

चालण्याबरोबर कॅडीही येतो. बॅग उचलणारा हा माणूस मैदान तुमच्यापेक्षा शंभर पटीने जास्त ओळखतो. अली शेर दिल्ली गोल्फ क्लबात कॅडी होता. १९९१ साली तो इंडियन ओपन जिंकला, आणि असं करणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. १९९३ मध्ये पुन्हा जिंकला. घरी गोल्फचा गंधही नसलेल्या पोराला या खेळात शिरायची ती एक वाट होती. कार्टमुळे ती वाट हळूहळू बंद होते, हे आपण कार्ट बुक करताना लक्षात घेत नाही.

दुसरा फरक पैशाचा. रिसॉर्टमधलं मैदान बहुधा तिकिटावर जगत नाही, ते खोल्या, लग्नं, कॉन्फरन्स आणि प्लॉट यांच्यावर जगतं. यात वाईट काही नाही, धंदा आहे. पण मग मैदानाचं नशीब त्या धंद्याला बांधलं जातं. लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅली टाउनशिपमध्ये १८ होलांचं मैदान आहे. सहारा प्रकरणात २०१७ साली सुप्रीम कोर्टाने ती सगळी मालमत्ता लिलावात काढायचा आदेश दिला होता. तिथल्या हिरवळीचा त्या कर्जाशी काय संबंध? काहीच नाही. पण सोबत गेलीच की नाही हिशोबात! अर्थात जुन्यांनाही अमरपट्टा नाही. नाशिककर ज्याला ‘गोल्फ क्लब’ म्हणतात त्या अनंत कान्हेरे मैदानावर आता रणजी सामने होतात, गोल्फ फक्त नावात उरलाय.

आणि तिसरा फरक, जो माझ्यासाठी सगळ्यात मोठा. पाणी.

मागे एका रिसॉर्टचे फोटो अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. मे महिना, डोंगर उघडाबोडका आणि मध्ये हिरवंगार गवत, दोन तळी. अण्णांचा लगेच फोन. कौतुक वगैरे काही नाही. एकच प्रश्न : “एवढं पाणी कुठून आणतेत रे ते?”

इंजिनिअर असल्यामुळे मी गणित करून बघितलं. तुम्हीही करा, सोपं आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात गवत हिरवं ठेवायला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर धरा. १८ होलांच्या मैदानात रोज भिजवायचं गवत २० हेक्टर धरा, म्हणजे दोन लाख चौरस मीटर. गुणाकार केला की उत्तर येतं रोजचे दहा लाख लिटर.

हा आकडा आमच्या भागातल्या माणसाला वेगळा ऐकू येतो. मांजरा धरण धनेगावला आहे, म्हणजे आमच्याच केज तालुक्यात. लातूर शहर त्याच धरणावर पितं. २०१६ च्या उन्हाळ्यात धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली तिच्यात दहा वाघिणी होत्या, पाणी सुमारे पाच लाख लिटर. म्हणजे माझ्या गणितातलं मैदान रोज तसल्या दोन गाड्या पितं. त्याच महिन्यात मुंबई हायकोर्टाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. तेव्हा पुण्यातले माझे मित्र चिडले होते, की खेळपट्टीच्या पाण्याने असा काय दुष्काळ हटणार? हटणार नव्हताच. पण टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला टीव्हीवर पाण्याचे फवारे बघायला लावू नयेत, एवढी साधी गोष्ट त्यात होती असं मला आजही वाटतं.

मग जुनी मैदानं कमी पाणी पितात का? आपोआप नाही. पण त्यांना कमी पाण्यात जगायची सवय होती. आपल्याकडच्या जुन्या छावण्यांमध्ये कित्येक ठिकाणी ग्रीनच नसायची, तेल मारलेल्या वाळूची ‘ब्राउन’ असायची आणि लोक त्यावर मजेत खेळायचे. उन्हाळ्यात फेअरवे पिवळा पडायचा, चेंडू जास्त घरंगळायचा, पावसाळ्यात पुन्हा हिरवा. टीव्हीवर ऑगस्टा बघून बघून आपल्याला बारमाही हिरवं हवं झालंय. उलट बाजूही सांगतो. ज्या रिसॉर्टमध्ये हॉटेल आणि घरं आहेत तिथे सांडपाणी तयार होतं, ते नीट शुद्ध करून गवताला घातलं तर हिशोब बराच बदलतो. त्यामुळे नवं म्हणजे पापी आणि जुनं म्हणजे पुण्यवान असं काही नाही. विचारलं पाहिजे, एवढंच. सदस्यत्वाच्या माहितीपत्रात स्पाचे फोटो सहा पानं असतात, पाणी कुठून येतं त्याची ओळही नसते.

आता माझ्या विरोधात जाणारा मुद्दा, जो आमच्या कंपूने बरोब्बर पकडला. जुन्या क्लबांचं दार. एका जुन्या क्लबात मी सदस्यत्वाची चौकशी केली तर काउंटरवरचा पहिला प्रश्न होता, “आपलं कोणी मेंबर आहे का आत?” केजहून आलेल्या माणसाचं कोण असणार आत? रिसॉर्टमध्ये हे कुणी विचारत नाही. कार्ड स्वाइप केलं की “गुड मॉर्निंग सर”. पैसा हा वाईट द्वारपाल आहे हे मान्य, पण आडनाव आणि ओळख त्याहून वाईट. आपल्यासारख्या पहिल्या पिढीतल्या पगारदारांना रिसॉर्ट आवडतात यामागे नुसता दिखावा नाही, तिथे आपल्याला कुणी परकं समजत नाही हेही आहे. जुन्या क्लबांनी याचा विचार नाही केला तर त्यांच्या शंभर वर्षांच्या झाडांखाली फक्त म्हातारे मेंबर उरतील.

तरीही माझं मत झाडांच्या मैदानालाच. मेंबर व्हायचा हट्ट सोडून द्यावा, पाहुण्यांना फी भरून खेळू देणारं जुनं मैदान शोधावं, आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा खेळावं, पण चालत खेळावं. तसं मैदान मिळतच नसेल तर रिसॉर्टमध्ये जावं, मात्र जाण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. इथे १८ होल चालत खेळता येतात का? कॅडी मिळतो का? आणि गवताला घातलेलं पाणी कुठलं? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा मॅनेजर गडबडला तर चेकबुक खिशातच ठेवा.

आमच्या कंपूत अजून ३-१ च आहे. त्यातल्या एकाला पाण्याचं गणित दाखवलंय, तो सध्या माझा आकडा खोडायच्या मागे लागलाय. खोडला तर मला आनंदच आहे. तुम्ही कुठे खेळता, आणि तिथलं पाणी कुठून येतं?