पांचगणीचा विद्यार्थी व त्याचें गाणें

गेल्या पावसाळ्यांत एक पालक मला भेटावयास आले. त्यांचा नववींतील मुलगा तीन मित्रांसह सायंकाळीं गिटार, हलगी व एक जुनी पेटी घेऊन बसतो. "सर, हें वेड आपण मोडून काढा," असें त्यांचें म्हणणें होतें. त्या दिवशीं मीं दिलेलें उत्तर अपुरें होतें, म्हणून येथें लिहितों.

सुमारें 70 वर्षांपूर्वीं झांजिबारहून फारोख बलसारा नांवाचा एक लहान पारशी मुलगा सातारा जिल्ह्यांत, पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहांत राहावयास आला. तेथें त्यानें चार सोबत्यांसह 'द हेक्टिक्स' हा वाद्यवृंद काढला. मुख्य गाणारा दुसराच असे. हा पियानो वाजवी. मुख्याध्यापकांनीं त्याचा कल ओळखून, थोडी जादा फी भरल्यास त्याला संगीताचे खास धडे देतां येतील, असें आई-वडिलांस पत्रानें कळविलें, व त्यांनीं ती भरली. या सर्व हकीगतींत मला तें पत्रच अधिक मोलाचें वाटतें.

हाच मुलगा पुढें इंग्लंडांत फ्रेडी मर्क्युरी या नांवानें 'क्वीन' या चौघांच्या रॉक वृंदाचा गायक झाला. (पालकांच्या समाधानासाठीं सांगतों कीं, त्यापूर्वीं त्यानें लंडनच्या कलाविद्यालयांत पदविका घेतली होती.) त्यानें रचलेलें 'बोहेमियन रॅप्सडी' हें गाणें 31 ऑक्टोबर 1975 रोजीं स्वतंत्र तबकडी म्हणून बाहेर पडलें. त्यांतील समूहस्वरांसाठीं तिघेजण दिवसाचे दहा-बारा तास गात. आवाजावर आवाज इतके चढविले कीं, फीत झिजून आरपार दिसूं लागली, असें ते सांगत. तुळजापुरीं गोंधळ्याचा संबळ ज्यांनीं जवळून ऐकला आहे, त्यांस असा हात बसावयास किती वर्षें लागतात हें सांगावयास नको.

गाणें 5 मिनिटें 55 सेकंदांचें. एवढें लांब गाणें रेडिओवर कोण लावणार, असें जाणकारांस वाटलें. परंतु लंडनच्या कॅपिटल रेडिओवर केनी एव्हरेट यांनीं तें दोन दिवसांत 14 वेळां लावलें, आणि ब्रिटनच्या यादींत तें 9 आठवडे अग्रभागीं राहिलें. 1991 मध्यें गायकाच्या निधनानंतर तें पुन्हां त्याच स्थानीं गेलें.

प्रत्येक गिटारवाल्या मुलाच्या नशिबीं असें कांहीं असतें, असें मी म्हणत नाहीं, बहुतेकांच्या नसतें. परंतु जें काम मुलगा कोणी न सांगतां चार-चार तास करितो, त्यास वेड म्हणण्यापूर्वीं शिक्षकानें एकदां तरी तें बसून ऐकावें. मीं ऐकलें नव्हतें. बारा वर्षांपूर्वीं परीक्षेच्या दिवसांत मीं एका विद्यार्थ्याची ढोलकी काढून घेतली. परीक्षा झाल्यावर परत दिली. पण ती पुन्हां वाजलेली मीं ऐकली नाहीं. गुण मात्र पूर्वीं होते तेवढेच पडले.

त्या पालकांना आतां कळवितों कीं, दर शनिवारीं शाळा सुटल्यावर एक तास सभागृह उघडें ठेवण्याची परवानगी मीं मागितली आहे. किल्ली माझ्याकडे राहील. गृहपाठाची वही आधीं दाखवावी लागेल, आणि हलगी जरा बेतानें वाजवावी लागेल, कारण शेजारीं दवाखाना आहे.