निवृत्तीआधी लॉजिकल फाइल समजावून द्या

आपल्या मंडळात एएस/४०० वर आयुष्य काढलेले बरेच काका-मावशी आहेत. त्यांच्या लॉजिकल फाइल्स काढून तिथे व्ह्यू आणि इंडेक्स आणावेत, असं पुढची पिढी म्हणते. आणा की! पण एकास एक बदली होत नाही, हे आधी समजून घ्या.

व्ह्यू म्हणजे जपून ठेवलेली क्वेरी. त्यात स्वतःचा डेटा नसतो आणि क्रमही नसतो. तो ऑर्डर बायनं मागावा लागतो. इंडेक्समुळे शोध झटपट होतो, पण टेबलात नोंद पडली की तोही बदलावा लागतो, आणि एसक्यूएलमध्ये थेट त्याच्यावर सिलेक्ट चालत नाही. डीडीएसमध्ये लिहिलेली लॉजिकल फाइल एकटीच नोंदी निवडते आणि त्या क्रमानं देते. जुना आरपीजी प्रोग्राम या दोन्हींवर विसंबून असतो. नुसता व्ह्यू दिलात तर क्रम गेला, साधा इंडेक्स दिलात तर गाळणी गेली.

बंद खाती गाळणारी सिलेक्ट-ओमिटची ओळ कोणालाही वाचता येते. ती का घातली, हे मात्र तुमच्याच डोक्यात आहे, काका. ते लिहून ठेवा (मराठीत नको, ऑफिसात बाकीचेही वाचणार आहेत). आणि मुलांनो, निरोपाच्या केकची वाट न बघता आत्ताच विचारा.