रोबोला चार्जिंग, माणसाला टार्गेट

भिवंडी, पनवेल, तळोजा या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतून आज एखादा मुलगा किंवा मुलगी गोदामात पिकिंगच्या कामाला जाते. पिकिंग म्हणजे ग्राहकाने मोबाइलवरून मागवलेली वस्तू हजारो वस्तूंतून शोधून काढणे आणि पॅकिंगकडे पाठवणे. "आता हे कामही रोबो करणार का?" अशी धास्ती अशा घरांत असते. ती खोटी नाही. पण मला त्याआधीचा एक प्रश्न मोठा वाटतो. गोदामात कोणी, कधी, काय करायचे हे ठरवते कोण आणि कोणत्या हिशेबाने?

अमेरिकेत वेबव्हॅन नावाची घरपोच किराणा देणारी कंपनी होती. ती २००१ मध्ये बुडाली. तिथे काम केलेल्या मिक माउंट्झ यांच्या मनात एक गोष्ट राहिली: माल गोळा करणाऱ्या माणसाचा बराच वेळ नुसता चालण्यात जातो. मग माणसाने मालाकडे जाण्याऐवजी मालच माणसाकडे आला तर? २००३ मध्ये त्यांनी किव्हा सिस्टिम्स ही कंपनी काढली. तिचे रोबो बुटके असतात. रॅकखाली शिरतात, अख्खी रॅक उचलतात आणि एका जागी उभ्या असलेल्या माणसासमोर आणून ठेवतात. जमिनीवर ठरावीक अंतराने खुणेच्या चिकटपट्ट्या असतात, त्या कॅमेऱ्याने वाचत ते वाट काढतात. २०१२ मध्ये अॅमेझॉनने ही कंपनी ७७ कोटी ५० लाख डॉलरना विकत घेतली. जुलै २०२५ मध्ये आपल्या रोबोंची संख्या १० लाखांवर पोहोचल्याचे अॅमेझॉनने जाहीर केले.

या पद्धतीत रोबो फक्त रॅक आणतो. रॅकमधली वस्तू उचलतो तो माणसाचाच हात.

आता कामवाटपाकडे येऊ. समजा घरात वलीमा आहे. दही आणायचे आहे आणि बर्फही. सलमानकडे स्कूटर आहे, जुबेरकडे सायकल. दहीवाला गर्दीच्या गल्लीत बसतो, त्यामुळे तिथे स्कूटरला १० मिनिटे लागतात आणि सायकलला १२. बर्फाचा कारखाना लांब आहे. स्कूटरवर १२ मिनिटे, सायकलवर ४०. घाईत आपण म्हणतो, "सलमान, तू पटकन दही घेऊन ये," कारण ते सर्वांत लवकर होणारे काम. मग बर्फ जुबेरच्या वाट्याला येतो आणि एकूण ५० मिनिटे जातात. कामे उलटी दिली तर १२ आणि १२, म्हणजे एकूण २४ मिनिटेच जातात. दह्याला दोन मिनिटे जास्त लागली, पण बर्फाची २८ वाचली.

दोघांत हे डोक्यात जमते. दहा जण आणि दहा कामे असली तर वाटणीचे ३६ लाख २८ हजार ८०० प्रकार होतात. सगळे न तपासता उत्तम वाटणी काढण्याची रीत अमेरिकन गणिती हॅरॉल्ड कून यांनी १९५५ मध्ये मांडली. दोन हंगेरियन गणितींच्या कामाचा आधार घेतल्याने त्यांनी तिला 'हंगेरियन पद्धत' हे नाव दिले.

गोदामात मात्र पाटी दर क्षणाला पुसली जाते. नवी ऑर्डर येते, एखादी वाट अडते. एकाच रॅकमधून चार ग्राहकांचा माल निघत असेल तर तीच रॅक आणणे फायद्याचे. जास्त खपाची रॅक परत ठेवताना जवळ ठेवायची, कमी खपाची लांब. म्हणून संगणक सर्वोत्तम उत्तर शोधत बसत नाही, बऱ्यापैकी चांगले उत्तर झटपट काढतो. रोबोंची टक्कर झाली तर काय होते, तेही जगाने पाहिले आहे. लंडनमधल्या एरिथ इथल्या ओकाडो कंपनीच्या गोदामात जुलै २०२१ मध्ये तीन रोबो एकमेकांवर आदळले आणि आग लागली.

या सगळ्या हिशेबात रोबोच्या बॅटरीलाही जागा असते. बॅटरी उतरली की रोबो आपणहून चार्जिंगला जातो. त्याचे काम दुसऱ्याला मिळते आणि कोणी त्याला कामचुकार म्हणत नाही. स्टेशनवर उभ्या माणसासमोर मात्र एक रॅक गेली की दुसरी हजर. चालणे वाचले खरे, पण चालताना मिळणारी उसंतही गेली. रिव्हील या अमेरिकन शोधपत्रकारिता संस्थेने २०२० मध्ये अॅमेझॉनच्या अंतर्गत नोंदी तपासल्या, तेव्हा रोबो असलेल्या गोदामांत गंभीर दुखापतींचे प्रमाण जास्त आढळले. कंपनीने तो निष्कर्ष मान्य केला नाही. पण १ जानेवारी २०२२ पासून कॅलिफोर्नियात कायदा आला. मोठ्या गोदामांनी कामगाराला टार्गेट लेखी द्यायचे, आणि जेवण, विश्रांती किंवा स्वच्छतागृह यांच्या आड येणारे टार्गेट ठेवायचे नाही. यंत्राची गरज इंजिनिअरने आधीच मांडून ठेवली होती, माणसाच्या गरजेला कायदा लागला.

आपल्याकडे बहुतेक गोदामांत अजून माणसेच चालतात, हातात स्कॅनर घेऊन. पुढची रॅक कोणती, हे स्कॅनर सांगतो. म्हणजे कामवाटप यंत्राकडे आधीच गेले आहे, फक्त रोबोच्या जागी तुमचा मुलगा आहे. आणि त्याच्या बॅटरीचा रकाना त्या यादीत असेलच असे नाही. सलग कामानंतर किमान अर्ध्या तासाची सुट्टी महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आहे. टार्गेट अर्ध्या तासाचे नसते, मिनिटांचे असते. अडचण तिथेच आहे.

म्हणून मुले कामावर रुजू होताना घरातल्या मोठ्यांनी पगार आणि गाडीभाडे यांबरोबर आणखी काही विचारायला सांगावे. ताशी किती वस्तू उचलायच्या? तो आकडा लिहून मिळेल का? नव्या मुलाला आणि जुन्याला एकच आकडा आहे का? रमजानमध्ये रोजा असेल तरी तोच का? आणि नमाजासाठी किंवा स्वच्छतागृहात गेलो, तर स्कॅनर बंद राहिला ती मिनिटे कोणाच्या खात्यात धरता?