पाळकाचा पगार कोणी द्यायचा?

कोकणातल्या, आणि एकूणच महाराष्ट्रातल्या, मिशनने उभ्या केलेल्या मंडळ्यांमध्ये पैशाचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेले असते: आपली मंडळी लहान, माणसे गरीब, बाहेरून मदत आल्याशिवाय चालायचे कसे? वाक्य नम्रपणाचे वाटते, म्हणून सहसा कोणी त्याला हरकत घेत नाही. हरकत घेतली पाहिजे. मंडळीच्या परावलंबनाचे मूळ गरिबीत शोधणे हा चुकीच्या निदानाचा प्रकार आहे. मंडळीचा संसार पहिल्या दिवसापासून परक्या खिशाच्या मापाने मांडला गेला आणि मिशनरी गेल्यावरही ते माप तसेच राहिले, हे खरे कारण. माप बदलले तर रत्नागिरीसारख्या ठिकाणची मोजक्या घरांची मंडळीसुद्धा आपल्या पाळकाला सांभाळू शकते. ते न बदलता मंडळी उद्या श्रीमंत झाली, तरी तिचा हात पसरलेलाच राहील.

हे माप कसे पडले ते रत्नागिरी जिल्ह्याच्याच इतिहासात दिसते. स्कॉटिश मिशनरी 1823 साली बाणकोटला आले, हर्णैलाही त्यांचे काम सुरू झाले, आणि थोड्याच वर्षांत त्यांचा मोहरा मुंबई-पुण्याकडे वळला. कोल्हापुरात बस्तान बसवलेल्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने 1873 मध्ये रत्नागिरीला ठाणे घातले आणि 1900 च्या सुमारास वेंगुर्ल्याला, जे तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते. वेंगुर्ल्याचे सेंट ल्यूक्स हॉस्पिटल ही त्याच कामाची खूण. तिथल्या डॉक्टर गोहीन यांचा 1919 साली वेंगुर्ल्यात जन्मलेला मुलगा रॉबर्ट पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि अमेरिकेचा भारतातला राजदूत झाला. दापोलीच्या मिशन शाळेत पां. वा. काणे शिकले, साने गुरुजी शिकले. या संस्थांचे ऋण कोकण नाकारणार नाही. पण त्यांच्या सावलीत जी मंडळी वाढली तिची रचना पाहा. बंगला मिशनचा, शाळा मिशनची, दवाखाना मिशनचा. पाळक, उपदेशक, मास्तर, बायबलबाई या सगळ्यांची नावे एकाच पगारपत्रकावर. रविवारी बाकांवर बसणाऱ्यांपैकी अनेकजण सोमवारी मिशनचेच नोकर. थैलीत पडणारे नाणे मिशनच्या तिजोरीतून निघून फिरून मंडळीच्या हिशेबात यायचे. देणारा आणि घेणारा वेगळे राहिलेच नाहीत, तर देण्याची सवय लागणार कुठून?

यात मिशनऱ्यांची केवळ चूकच होती असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे घर, जात, विहीर आणि बाजार या सगळ्यांशी एका दिवसात संबंध तुटणे. धर्म बदलल्यामुळे वारसाहक्क जाऊ नये म्हणून 1850 साली कायदा झाला. कायद्याने जमिनीचा हक्क शाबूत ठेवला, पण शेजार कुठला देणार? अशा माणसाला आसरा आणि काम देणे भागच होते. दोष आसरा देण्यात नव्हता, आसऱ्याची मुदत कधी ठरलीच नाही यात होता. आणि हे त्या काळीही काहींना कळत होते. अमेरिकन बोर्ड या दुसऱ्या मिशनसंस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन 1854 मध्ये मराठी मुलखात आले ते हाच आग्रह घेऊन: मंडळीने स्वतःचा खर्च स्वतः भागवावा, स्वतःचा कारभार स्वतः करावा, प्रसारही स्वतः करावा. त्याच साली अहमदनगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांची पाळक म्हणून दीक्षा झाली. पुढे चीनमधले मिशनरी जॉन नेव्हियस यांनी हाच विचार पद्धतशीर मांडला आणि 1890 मध्ये सोलला जाऊन तिथल्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांना तो समजावला. परदेशी पैशातून कोरियन पाळकाला पगार नाही, प्रार्थनामंदिरे गावकऱ्यांनी आपल्या ऐपतीने बांधायची, असा दंडक तिथे पडला. रत्नागिरीत ठाणे घालणारे आणि कोरियात हा दंडक पाळणारे प्रेस्बिटेरियन बोर्ड एकच होते. आज कोरियन मंडळी जगभर आपले मिशनरी आपल्या पैशाने पाठवते. कोरियात आपल्यासारखा जातीचा बहिष्कार नव्हता हे मान्य. पण त्या काळचा कोरियन शेतकरी कोकणातल्या कुळापेक्षा सधन होता असे कोणी म्हणणार नाही.

आता गरिबीच्या मुद्द्याकडे नीट वळू. कोकणाला मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणतात. त्याच मुलखात प्रत्येक वाडीचे देऊळ उभे आहे, त्याचा जीर्णोद्धार होतो, शिमग्याला पालखी घरोघर जाते, आणि गावाच्या नावाचे मुंबईतले मंडळ दरवर्षी पट्टी गोळा करते. कोकणी मुसलमानांच्या जमाती आपल्या मशिदी आणि मदरसे वर्गणीवर चालवतात. कोणी म्हणेल, देऊळ आणि मशीद यांच्यामागे गावाची आणि पिढ्यांची ताकद असते. मग 1956 नंतर बौद्ध झालेल्या वस्त्या पाहा. गावकुसाबाहेरच्या, भूमिहीन, गिरणीत आणि गोदीत राबणाऱ्या त्या समाजाने गावोगाव विहार बांधले, जयंत्या केल्या, मुंबईत आपल्या तालुक्यांचे संघ चालवले, ते चाकरमान्यांच्या वर्गणीवर. महाराष्ट्रातली बरीचशी ख्रिस्ती मंडळी ज्या सामाजिक थरातून आली तोच हा थर. त्याला जमले ते आपल्याला जमत नाही याचे कारण गरिबी असूच शकत नाही. मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी मुरूड फंड काढला तो बाहेरगावी मिळवत्या झालेल्यांनी मिळकतीतला लहानसा वाटा गावासाठी बाजूला काढावा म्हणून. अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड तर माणशी एका पैशाच्या हिशेबाने उभा राहिला आणि 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना काढू शकला. लहान रक्कम, अनेक हात आणि न चुकता वसुली, ही रीत मराठी माणसाला शिकवावी लागत नाही.

हिशेब करूनच पाहू. दहा घरांनी प्रामाणिकपणे दशांश दिला, तर पाळकाच्या घरात त्या दहा घरांच्या सरासरीइतकी मिळकत येते. एवढे कोणी देत नाही म्हणता? शेकडा चार द्या, पंचवीस घरे पुरतात. शेकडा दोन द्या, पन्नास घरे लागतात. बेरजेत कुठे चमत्कार नाही. अट एवढीच की पाळकाचे राहणीमान मंडळीच्या राहणीमानाशी जुळले पाहिजे. नेमकी हीच अट मिशनच्या पगारश्रेणीने कधी पाळली नाही. ती श्रेणी मंडळीच्या चुलीकडे पाहून ठरली नाही, मुख्य कचेरीच्या अंदाजपत्रकाकडे पाहून ठरली. मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन बाया रोज रांधताना मूठभर तांदूळ बाजूला काढतात, ते विकून मंडळीचे काम चालते. शंभर वर्षांहून जुनी ही रीत आहे. आपल्याकडे कापणीच्या सणाला हेच एका दिवसापुरते घडते. वेदीपुढे भाताच्या लोंब्या, नारळ, सुपारी, काजू, एखादी कोंबडी, कोणाच्या परड्यातले पडवळ मांडले जाते. उपासनेनंतर लिलाव पुकारला जातो, दहा रुपयांच्या भोपळ्यावर हौसेने दोनशेची बोली लागते आणि दुपारी खजिनदार समाधानाने आकडा वाचतो. त्या दिवशी मंडळी गरीब नसते. मग उरलेले एकावन्न रविवार ती गरीब कशी होते?

दुसरा आक्षेप शास्त्राचा आधार घेतो. ख्रिस्ताचे शरीर एक आहे, एका अवयवाने दुसऱ्याला मदत केली तर लाज कसली? लाज नाहीच. पौलाने यरुशलेमच्या मंडळीसाठी वर्गणी जमवली ती मासेदोनियाच्या मंडळ्यांकडून, आणि त्या स्वतः दारिद्र्यात होत्या. म्हणजे तिथे देणारे गरीब होते आणि मदत संकटातल्यांसाठी होती. यरुशलेमहून करिंथच्या पाळकाचा पगार येत होता असे नव्या करारात कुठेही नाही. पौल तर करिंथात तंबू शिवून जगला. संकटातली मदत आणि नित्याचा खर्च यांत हाच फरक आहे. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडची छपरे आणि बागा नेल्या, 2021 च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेले. तेव्हा आलेली मदत घेणे योग्यच होते आणि उद्याही घ्यावी. परंतु दर महिन्याचा पगार हे संकट नव्हे. ज्या मंडळीचा नित्याचा खर्च दुसरा भागवतो तिचा निर्णयही तोच करतो, मग तो परदेशातला असो की धर्मप्रांताच्या कचेरीतला. शिवाय 2020 च्या दुरुस्तीने परदेशी देणगीचा कायदा आणखी आवळला आहे: मिळालेला पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली आहे. कायद्याच्या धाकाने स्वावलंबी होणे मात्र कमीपणाचे. भारतीय मंडळीने परदेशी आधार सोडावा असे मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीने 1956 मध्ये सुचवले तेव्हा आपण दुखावलो. टीकाकारांचा हेतू काहीही असो, तीच गोष्ट आपल्याच अँडरसननी शंभर वर्षे आधी सांगितली होती आणि आपण ती केली नव्हती.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. पाळक मंडळीच्या पैशावर जगू लागला की तो मंडळीतल्या पैसेवाल्या वडिलांचा (एल्डरांचा) मिंधा होईल, खरे बोलणार नाही. भीती खोटी नाही. पण आज तो कोणाचाच मिंधा नाही असे आहे का? बदलीचा आणि पगाराचा कागद ज्या टेबलावरून निघतो त्याचा धाक त्याला असतोच. धाक दूर गेल्याने स्वातंत्र्य येत नाही, फक्त मंडळीला तो दिसेनासा होतो. यावर उपाय वाटणीत आहे. एका घराचे दहा हजार घेण्यापेक्षा शंभर घरांचे शंभर रुपये घ्यावेत. जवळच्या मंडळ्यांनी वर्गणी सामाईक निधीत भरावी, पगार तिथून ठरलेल्या श्रेणीने निघावा, आणि कोणी किती दिले हे पाळकाला कळू नये. मंडळीने एकूण किती दिले ते मात्र प्रत्येक सभासदाला कळावे.

चौथा मुद्दा आक्षेप म्हणून येत नाही, मोह म्हणून येतो. मिशनच्या जागा आहेत. गावाच्या मध्यावर, रस्त्याला लागून. त्या विकून किंवा बिल्डरला देऊन ठेव ठेवू, व्याजावर मंडळी चालेल. हे स्वावलंबन नव्हे, मागच्यांच्या दानावर पुढे जगणे आहे. पेरायला ठेवलेले बियाणे शिजवून खाण्यासारखे. जागेच्या पैशामागून कज्जेही येतात. सार्वजनिक न्यासाची जमीन विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, आणि मिशनच्या मालमत्ता मंडळ्यांच्या एकीकरणानंतर कोणाच्या हा वाद तर गुजरातच्या ब्रदरन मंडळीच्या प्रकरणात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जागेचे भाडे डागडुजीला लावावे, पगाराला कधीही नाही.

हे झाले खंडन. करायचे काय, तेही स्पष्ट आहे. बाहेरून येणाऱ्या पगाराच्या मदतीला आजच शेवटची तारीख घालावी आणि ती मदत दरवर्षी पाचव्या हिश्शाने कमी करावी, म्हणजे पाच वर्षांत मंडळीला तोल सावरता येतो. एका पाळकाचा भार एका मंडळीला झेपत नसेल तर दोन-तीन मंडळ्यांनी एक पाळक ठेवावा आणि उरलेल्या रविवारी उपासना वडिलांनी चालवावी. जिथे तेही शक्य नाही तिथे शिक्षक, परिचारिका, बागायतदार असा स्वतःच्या कमाईवर जगणारा माणूस शिकवून तयार करावा. पौलाचे उदाहरण डोळ्यांसमोर असताना यात कमीपणा कसला? मुंबई-पुण्यात गेलेल्या प्रत्येक सभासदाचे नाव मूळ मंडळीच्या वर्गणीवहीत राहावे. देणे फक्त रोखीतच हवे हा हट्ट सोडून हंगामाप्रमाणे आंबा, काजू, भात घ्यावा आणि त्याचा लिलाव महिन्याचा व्हावा. आणि जमाखर्च दर महिन्याला उपासनेनंतर मोठ्याने वाचावा, कारण हिशेब लपला की वर्गणी आटते हा सगळ्या संस्थांचा अनुभव आहे.

दापोली तालुक्यातल्या करजगावात जन्मलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र संघ उभारला. ख्रिस्ती धर्म इथल्या मातीत रुजायचा तर तो मिशनच्या पगारपत्रकाबाहेर पडला पाहिजे, असा त्यांच्या त्या पावलाचा मी अर्थ लावतो. दोन वर्षांत ते गेले आणि मंडळ्या पगारपत्रकातच राहिल्या. आता ते पत्रक लिहिणारे मिशनरीही उरले नाहीत. तेव्हा प्रत्येक मंडळीने येत्या वार्षिक सभेत एकच ठराव करावा: आमच्या पाळकाचा पगार आम्ही देऊ, आणि जेवढा देऊ तेवढीच आमची ऐपत समजू.