वैद्यांचे संस्कृत आणि माझी चूक

गेल्या महिन्यात विक्रमगडकडचा एक मुलगा वडिलांना घेऊन बोईसरला माझ्या दवाखान्यात आला. आश्रमशाळेत शिकलेला, 'नीट' देऊन बीएएमएसच्या पहिल्या वर्षाला लागलेला. वडिलांचे ब्लडप्रेशर बघत होतो, तेवढ्यात त्याने विचारले, "डॉक्टर, मज्जाधातू म्हणजे नसाच ना?" मी बेधडक "हो" म्हणून मोकळा झालो. शाळेत आपण सगळे मज्जासंस्था, मज्जारज्जू हेच तर शिकलो! संध्याकाळी पालघरच्या एका वैद्यमित्राला हे सांगितले, तर तो हसतच सुटला. आयुर्वेदातली मज्जा म्हणजे हाडाच्या पोकळीतला स्निग्ध गर. मुलाला फोन करून चूक कबूल करावी लागली.

वैद्यकाच्या विद्यार्थ्याने संस्कृतात वेळ का दवडावा, असे आम्ही एमबीबीएसवाले नेहमी म्हणतो. आम्ही कुठे ग्रीक-लॅटिन शिकलो? मीही हेच म्हणत असे. पण आम्हाला हिपोक्रेटिस वाचून रोगी तपासायचा नसतो. या मुलांना चरक, सुश्रुत, वाग्भट आजही अभ्यासाला आहेत.

त्यातून मराठी मुलांना संस्कृत परके वाटत नाही, हीच खरी अडचण. धातू म्हटले की आपल्याला लोखंड-तांबे आठवते (नाहीतर स्टेशनबाहेरच्या भिंतींवरच्या जाहिराती!). शास्त्रात रसापासून शुक्रापर्यंत सात धातू. शोथ म्हणजे सूज, शोष म्हणजे झिजणे. एका अक्षराने रोगच उलटा होतो. क्षीर म्हणजे दूध खरे, पण अर्कक्षीर म्हणजे रुईचा चीक, जो डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा करतो. पित्ताचे तर विचारूच नका. आंबट ढेकर आली तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. तारापूरच्या कारखान्यातला पन्नाशीचा कामगार घामाघूम होऊन "पित्त झालंय" म्हणत येतो, तेव्हा मी आधी ईसीजी काढतो. वाचकांनीही डॉक्टरांना पित्त न सांगता नेमके काय होते ते सांगावे.

भाषांतरे आहेत की, असे कोणी म्हणेल. गर्द्यांचे 'सार्थ वाग्भट' उत्तमच आहे. पण भाषांतरकाराने निवडलेला अर्थ बरोबर की चूक, हे मुळाशी ताडून कोण बघणार? मुंबईत पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी १८८० साली अष्टांगहृदयाची मूळ संहिता टीकेसह छापून काढली, ती काही हौस म्हणून नव्हे.

त्या मुलाची वही मी पाहिली. पानेच्या पाने शब्दरूपे, श्लोक तोंडपाठ, अर्थाचा पत्ता नाही. माझे मत विचाराल तर रूपांची घोकंपट्टी कमी करावी, समास सोडवायला शिकवावे आणि परीक्षेत संहितेतला न वाचलेला उतारा द्यावा. दहावीला संस्कृत घेतलेल्या मुलांच्या बरोबरीने आश्रमशाळेतल्या मुलांना बसवायचे, तर त्यांचे दोन महिने वेगळे वर्ग हवेत. अर्थात श्लोक कळला म्हणजे औषध लागू पडते असे नव्हे. ते रोग्यांवर रीतसर पडताळूनच ठरवावे लागते.

फोनवर अर्क म्हणजे रुई हेही मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "ती होय! आमच्या बांधावर आहे की. चीक लागतो म्हणून आई लहानपणी हात लावू द्यायची नाही."