गेल्या जन्माचे खाते

हिंदी चित्रपटाने ज्या मोजक्या कल्पनांवर पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षकांना भारून टाकले, त्यांत पुनर्जन्माची कल्पना अग्रभागी आहे. पावसाळी रात्र, ओसाड वाडा, भिंतीवरील ओळखीचे वाटणारे चित्र आणि दुरून ऐकू येणारा स्त्रीचा स्वर, एवढ्याच सामग्रीवर कमाल अमरोही यांनी १९४९ साली ‘महल’ उभा केला आणि बिमल रॉय यांनी १९५८ साली ‘मधुमती’. ‘मधुमती’ला ९ फिल्मफेअर पारितोषिके लाभली. हा विक्रम १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’पर्यंत अबाधित राहिला.

अलीकडेच काही विद्यार्थ्यांसमवेत ‘मधुमती’ पुन्हा पाहण्याचा योग आला. चित्रपट संपल्यावर बी. ए. च्या वर्गातील एक मुलगी म्हणाली, “सर, आमच्या गावात गेल्या जन्माचे नाव निघते ते माणसाला गप्प बसवण्यासाठी. इथे तर ते गुन्हेगाराला बोलते करण्यासाठी निघाले.” अर्थशास्त्राच्या अध्यापकाला विचार करावयास लावील, असेच हे वाक्य आहे.

कथानक आठवून पाहावे. श्यामनगरच्या लाकूडवखारीच्या व्यवस्थापकाचे, आनंदचे, डोंगरातील मधुमतीवर प्रेम जडते. मालक राजा उग्रनारायण त्याला कामाच्या निमित्ताने दूर पाठवतो आणि मधुमतीवर हात टाकतो. ती गच्चीवरून उडी घेऊन प्राण देते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हे तिच्या पूर्वकर्माचे फळ होते असे चित्रपटातून कोठेही सुचवले जात नाही. दोषी कोण, हे प्रेक्षकाला स्वच्छ दिसते. तो वाड्याचा आणि जंगलाचा धनी आहे. मधुमतीसारखीच दिसणारी माधवी पुढे आणण्याचा बेत रचला जातो, प्रत्यक्षात मधुमतीच येते, उग्रनारायण गुन्हा कबूल करतो आणि बाहेर थांबलेले पोलीस त्याला पकडतात. भूतदेखील येथे साक्षीदार म्हणून येते, निवाडा कायद्याकडेच राहतो. ही कथा ऋत्विक घटकांची आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे याचे नवल वाटत नाही.

‘महल’ तर याहून पुढे जातो. गेल्या जन्मीच्या प्रेयसीच्या शोधात नायक आपल्या जिवंत पत्नीला झुरत ठेवतो, आणि अखेर ती प्रेयसी माळ्याची मुलगी निघते. पूर्वजन्माच्या मोहाची किंमत या जन्मीच्या एका निरपराध स्त्रीला मोजावी लागते. १९८० च्या ‘कर्ज’मध्ये मालमत्तेसाठी पतीचा खून करणाऱ्या स्त्रीकडून हिशेब चुकता करून घेतला जातो. चित्रपटाचे नावच बोलके आहे.

आता पडद्यावरून दृष्टी काढून आपल्या जिल्ह्याकडे वळवू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद हे जिल्हे हादरले. किल्लारी, सास्तूर आणि परिसरातील गावे जमीनदोस्त झाली, सुमारे १० हजार माणसे मृत्यू पावली. मी तेव्हा शाळकरी होतो. वडीलधाऱ्यांच्या तोंडून ‘मागल्या जन्मीचे भोग’ हे शब्द मी त्या दिवसांत अनेकदा ऐकले. पुढे वाचनातून कळले की, १९८९ साली कॅलिफोर्नियात याहून मोठा भूकंप झाला होता आणि त्यात ६३ माणसे दगावली होती. या अंतराचे एक मोठे कारण घरांच्या बांधणीत होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद यांनी झोपलेली माणसे गाडली. ज्याने सारे गमावले त्याने दैवाचा आधार घेतला, तर त्याला हसण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु शासनाने आणि समाजाने तोच आधार घेतला असता, तर भूकंपरोधक घरांचा विचारच झाला नसता.

येथेच विश्वास आणि पळवाट यांतील सीमारेषा आहे. ज्या कर्जाचा कागद कोणी पाहिला नाही, ज्याची मुद्दल ठाऊक नाही आणि व्याजाचा दरही ठाऊक नाही, त्याची वसुली मात्र नेहमी गरिबाकडूनच व्हावी, हा कसला हिशेब? शतकानुशतके जातिव्यवस्थेचे समर्थन याच खात्यावर झाले. कोरडवाहू शेतकऱ्याचे पीक जळाले, विम्याची रक्कम वेळेवर मिळाली नाही, सावकाराचे व्याज चढत गेले, तरी आपण सहज म्हणून जातो, ‘नशिबाचे भोग, दुसरे काय!’ या एका उद्‌गाराने उग्रनारायण सुटतो आणि मधुमतीच दोषी ठरते.

याउलट उदाहरणही आपल्याच महाराष्ट्राचे आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो हात खडी फोडत होते. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना विस्तारली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणे हा हक्क आहे, असे राज्याने मान्य केले. पुढे २००५ साली देशाने केलेल्या कायद्याला याच अनुभवाचा आधार होता. योजनेच्या अंमलबजावणीत उणिवा राहिल्या, हे खरे. तथापि दुष्काळग्रस्ताला ‘हे तुझे प्रारब्ध’ असे न सांगता ‘हे आमचे देणे’ असे म्हणणारा तो कायदा होता.

म्हणून विद्यार्थ्यांनी ‘मधुमती’ अवश्य पाहावा. सलील चौधरींच्या स्वररचनांत रंगून जावे, धुक्यातल्या त्या डोंगरांत हरवूनही जावे. पुनर्जन्मावर श्रद्धा असो वा नसो, त्याने या आनंदात उणेपणा येत नाही. मात्र चित्रपट पाहून घरी परतल्यावर, शेजारच्या दुःखाचे कारण गेल्या जन्मात शोधण्यापूर्वी, या जन्मीचा उग्रनारायण कोण, एवढे एकदा विचारावे. बहुतेक वेळा त्याचे उत्तर आपल्याच तालुक्यात सापडेल.